नोकरीतला ‘हो’ आणि ‘नाही’

नव्या मुंबईला लागून उरणच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदर आहे. १९८९ साली ते सुरू झाले. आज तिथले एक टर्मिनल दुबईची कंपनी चालवते, एक डेन्मार्कच्या समूहाची, एक सिंगापूरची. इकडे ऐरोली-महापे भागात आपली मुले अमेरिका-युरोपातल्या गिऱ्हाइकांची कामे करतात. परदेशी धनी भेटायला आता समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही!

हा धनी मागतो तरी काय? हाताचे कसब तर सगळेच मागतात. वेल्डिंगचा पक्का जोड इथे पक्का, तसा तिथेही पक्काच. फरक पडतो तो बोलण्यात.

समजा, शुक्रवारी द्यायचे काम पुरे होणार नाही, हे बुधवारीच कळले. आपला मुलगा म्हणतो, “हो साहेब, करतो.” यात लबाडी नाही बरं का! वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणू नये, ही आपली रीत. पण जर्मन वरिष्ठ या ‘हो’ला शब्द दिला असे समजतो. बुधवारचे ‘नाही’ त्याला चालेल, शुक्रवारचे रिकामे हात चालणार नाहीत. जपानात नव्या नोकरदाराला ‘होरेन्सो’ शिकवतात: वरिष्ठाला अहवाल द्या, संबंधितांना कळवा, सल्ला घ्या. अडचण लहान असतानाच सांगणे, हे तिथले कसब. अमेरिकन साहेब बैठकीत तुमचे मत विचारील. गप्प बसणारा त्याला विनयी वाटत नाही, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही असे वाटते.

वरिष्ठ-कनिष्ठांतले अंतर कुठले लोक किती सहज मानतात, याचे मोजमाप हॉफस्टेड या डच अभ्यासकाने १९८० साली ग्रंथरूपाने मांडले. त्याच्या मापात भारत ७७, जपान ५४, अमेरिका ४०, जर्मनी ३५. अर्थात ही सरासरी झाली. माणूस माणसासारखा नसतोच.

पण याकडे डोळेझाक करून चालणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. गावचा वायरमन, गावची परिचारिका उद्या तिकडे जाईल. त्यासाठी जर्मन भाषा शिकावी लागेलच. पण भाषा येऊनही ‘नाही’ म्हणायला जीभ रेटली नाही, तर त्या भाषेचा काय उपयोग?

नम्रता सोडा, असे मी म्हणत नाही. “साहेब, शुक्रवारी होणार नाही, सोमवारी सकाळी नक्की देतो.” या वाक्यात मानही आहे आणि माहितीही.

शिक्षक बंधुभगिनींनो, याचा पहिला धडा आपल्याच वर्गात आहे. ‘समजलं का?’ असे विचारले की सारा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. अशा वेळी मागच्या बाकावरचा एखादा उभा राहून म्हणाला, “नाही समजलं, गुरुजी,” तर त्याला दटावू नका. आधी शाबासकी द्या, मग पुन्हा समजावून सांगा. उद्याच्या नोकरीची तयारी त्याने तुमच्यासमोर सुरू केली आहे.