बचत गट आणि घरातील कणगी

गरीब घराचे दारिद्र्य वर्षाच्या उत्पन्नावरून मोजण्याची सवय सर्वांना आहे. भूक मात्र महिन्यांच्या हिशेबाने येते. सह्याद्रीच्या उतारावर नाचणी-वरी पिकविणाऱ्या घरात कार्तिकात धान्य असते. आषाढ-श्रावणात, लावणीच्या ऐन कष्टाच्या दिवसांत, कणगी रिकामी होते. मग धान्य उसने येते ते सवाईने किंवा दिढीने. दिढी म्हणजे चार महिन्यांनी १ पायलीची दीड पायली, अर्थात दरमहा शेकडा साडेबारा व्याज. ही फेड खळ्यावरच होते आणि पुढील वर्षी कणगी आणखी लवकर तळ गाठते.

हे दुखणे शासनाला अपरिचित नव्हते. आदिवासी कुटुंबांसाठी १९७८ मध्ये खावटी कर्ज सुरू झाले ते याच पावसाळी महिन्यांसाठी. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य दिले आणि शिधापत्रिकेवर घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस कुटुंबप्रमुख मानले. मग बचत गटाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. शिधा मिळाला तरी डाळ, तेल, मुलाचे औषध यांना रोख पैसा लागतो, आणि तो नसला की घरातील नाचणीच विकली जाते.

महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले; १९९२ मध्ये नाबार्डने गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला. गटाचे गणित साधे आहे. १० स्त्रियांनी दरमहा ५० रुपये टाकले तर वर्षाला ६,००० रुपये होतात. रक्कम क्षुल्लक खरी. परंतु शेकडा २ दराने ती आषाढात हाती आली तर दिढीचा उंबरठा चढावा लागत नाही, आणि व्याजही गटातच राहते. गटाची खरी कमाई सुगीनंतर न विकलेल्या धान्यात दिसते. वहीत ती कोठेच नोंदली जात नाही!

अडचणीही आहेत. पाऊस लांबला की सर्वांना एकदमच कर्ज हवे असते आणि पेटी रिकामी पडते. कर्ज स्त्रीच्या नावे, खर्च पुरुषाच्या हाती, हेही पुष्कळ ठिकाणी घडते. भूमिहीन घराला तर राखण्यास धान्यच नसते. तेथे गटाइतकीच रोजगार हमीच्या कामाची वेळेवर मिळणारी मजुरी महत्त्वाची आहे. काही गटांना सुगीच्या स्वस्ताईत सभासदांचेच धान्य घेऊन गावात साठविणे आणि पावसाळ्यात ते परत देणे जमण्याजोगे आहे. त्यासाठी ओल न लागणारी जागा हवी. ती पंचायत देऊ शकते.

गटांचा आढावा घेताना कर्ज किती, वसुली किती, एवढेच विचारले जाते. ग्रामसेवकांनी आणि शिक्षकांनी वहीत आणखी एक रकाना आखावा: कोणत्या घरी धान्य कोणत्या महिन्यापर्यंत पुरले. आणि बँकेच्या कर्जाची प्रकरणे ज्येष्ठापूर्वी मंजूर व्हावीत. भाद्रपदात आलेले कर्ज आषाढाच्या उपयोगी पडत नाही.