रस्ता कुणासाठी मोकळा करायचा? हजरतगंजच्या निमित्ताने

(लखनौत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका रस्त्याबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी जे नुकतेच महाराष्ट्रातून आले आहेत त्यांच्यासाठी सांगते, पुण्यात जसा लक्ष्मी रोड तसा लखनौत हजरतगंज. अवधचे नवाब अमजद अली शाह यांना लोक 'हजरत' म्हणत, त्यावरून हे नाव पडले. २०१० मध्ये या बाजाराची दोनशे वर्षे साजरी झाली. तेव्हा मायावती मुख्यमंत्री होत्या आणि त्याच सुमारास या रस्त्याचे रूप पालटले. दुकानांना एकसारखा रंग आणि एकसारख्या पाट्या आल्या. दगडी फूटपाथ झाले, जुन्या धाटणीचे दिव्यांचे खांब लागले. रस्त्याकडेला गाड्या लावायला बंदी आली आणि त्यासाठी बहुमजली पार्किंग उभे राहिले.

यातला पार्किंगचा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुकानदारांना नेहमी भीती असते की दारात गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. पण गाडीतून येणारा माणूसही दुकानात पायीच शिरतो. दारात उभी गाडी एका गिऱ्हाइकाची सोय करते आणि बाकीच्यांची वाट अडवते. चालायला जागा मिळाली की लोक रेंगाळतात, चार दुकाने बघतात. लखनौत तर याला 'गंजिंग' असा खास शब्दच आहे.

पण हजरतगंजच्या या बदलाची चर्चा होते तेव्हा रंग, पाट्या, दिवे आणि पार्किंग यांचाच उल्लेख येतो. पटरी दुकानदार त्या यादीत नसतो. आपण ज्याला पुण्यात पथारीवाला आणि मुंबईत फेरीवाला म्हणतो, त्याला इथे पटरी दुकानदार म्हणतात. चप्पल शिवणारा, चहावाला, कंगवे-पिना विकणारी बाई. शहरात रस्ता सुधारायचा म्हटले की यांचे नाव सहसा एकाच मथळ्याखाली येते: अतिक्रमण.

आपल्यासाठी रस्ता हा नुसता वाहतुकीचा विषय कधीच नव्हता. १८९३ मध्ये अय्यंकालींनी त्रावणकोरात बंदी असलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून बैलगाडी हाकली. १९२४ चा वैकोम सत्याग्रह मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेतले लोक बाबासाहेबांच्या मागे गावातल्या रस्त्यांवरून रांगेने चालत चवदार तळ्यावर गेले. म्हणून संविधानाचे कलम १५(२) पुन्हा वाचा. दुकाने, विहिरी, तलाव यांच्याबरोबर तिथे 'रस्ते' हा शब्द आहे. सरकारी पैशातून राखलेल्या रस्त्याच्या वापरावर जातीवरून कोणतीही अट घालता येणार नाही.

आज रस्त्यावर कुणी जात विचारत नाही. पण गाडी कुणाकडे आहे आणि पायी कोण जाते, दुकानाचा गाळा कुणाच्या नावावर आहे आणि फूटपाथवर कोण बसते, हे काही योगायोगाने ठरलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या जमीन, भांडवल आणि शिक्षण कुणाला मिळाले, याचा हिशेब रस्त्यावर दिसतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे जवळजवळ दर पाचातला एक. वेगाचे गणितही साधे आहे. ताशी ३० किलोमीटरऐवजी ५० ने येणाऱ्या गाडीच्या धडकेत पावणेतीन पटीहून अधिक ऊर्जा असते. म्हणून रस्त्याची रचनाच अशी हवी की गाडीला वेग घेता येऊ नये. लेन अरुंद, पादचारी पट्टा रस्त्यापेक्षा थोडा उंच, मध्ये थांबायला दुभाजक.

मग फूटपाथवर चालणाऱ्याचा हक्क मोठा की बसणाऱ्याचा? सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सांगितले की उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की विनाअडथळा फूटपाथही कलम २१ मध्येच येतो. दोन्ही हक्क एकाच कलमातले आहेत. कारवाईची गाडी येते तेव्हा मात्र दुसराच तेवढा आठवतो.

खरे तर याचे उत्तर नकाशात आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत फूटपाथचे तीन पट्टे केले आहेत. दुकानाला लागून एक, मध्ये चालण्यासाठी किमान १.८ मीटर पूर्ण मोकळा, आणि रस्त्याच्या कडेला झाडे, खांब, बाक यांच्यासाठी तिसरा. पटरी दुकानदाराची जागा या तिसऱ्या पट्ट्यात आखता येते. अंध माणसाला आणि व्हीलचेअरला मधली वाट मोकळी मिळते, चांभाराला त्याची जागा मिळते. रात्री उशिरा घरी जाणाऱ्या मुलीसाठी चहाची गाडी चालू असलेला फूटपाथ रिकाम्या फूटपाथपेक्षा सुरक्षित असतो. हे मी मुलगी म्हणून सांगते.

आणि कायदाही आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार आधी सर्वेक्षण करायचे, विक्रेत्यांना प्रमाणपत्रे द्यायची; ते होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. शहर पथविक्रय समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत, त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि अल्पसंख्याकांना योग्य प्रतिनिधित्व द्यावे, असेही त्यात लिहिले आहे.

इथेच आपले काम सुरू होते. आपण घरातले पहिले पदवीधर. आपल्यातल्या अनेकांची फी भाजीच्या गाडीवरून, चपलांच्या पेटीवरून भरली गेली आहे. पदवी मिळाल्यावर आपणही 'किती गर्दी, हटवा यांना' म्हणायला लागतो, कारण आता आपण चालणाऱ्यांच्या बाजूला उभे असतो. कधी गाडीतही बसलेले असतो.

तेव्हा आपल्या शहरात रस्त्याचा नवा आराखडा येईल त्या वेळी चार प्रश्न लेखी विचारा. सर्वेक्षण झाले का? समितीची निवडणूक झाली का? समितीपुढे नकाशा ठेवला का? त्यात बसणाऱ्याची जागा कुठे आखली आहे? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. हरकतीची मुदत संपण्याआधी तो नकाशा पटरीवर नेऊन दाखवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून सांगा. पिवळी पट्टी कुठे आखायची हे बहुधा अशाच दहा-पंधरा लोकांच्या बैठकीत ठरते. त्या बैठकीत पटरीवरची बाई बसली पाहिजे, आणि कागद समजून घ्यायला तिच्या शेजारी आपण.

जय भीम.