कुंडीतलं पाणी खाली कुणाच्या घरी जातं?

(पुण्यातल्या एका परिसर-बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी बागकामातला तज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. तरी मला इथे बोलावलं, कारण आमच्या सोसायटीत बागेवरून भांडण झालं होतं आणि त्यात मी बऱ्यापैकी चुकलो होतो.

आम्ही कोंढव्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. अम्मीने गच्चीवर साठेक कुंड्या लावल्या होत्या. मोगरा, मेंदी, कढीपत्ता, पुदिना, लिंबू. दोन वर्षांपूर्वी जुलैत पाचव्या मजल्यावरच्या काकांच्या छतातून पाणी गळू लागलं. सभेत ठराव आला, ‘कुंड्या हटवा.’ मी उठून सांगितलं, ‘स्लॅबच मुळात कच्चा आहे, झाडांचा काय दोष?’ गंमत अशी, की तोवर काकांनी किंवा मी, दोघांनीही गच्चीवर जाऊन पाहिलं नव्हतं.

आमच्या कामात एक शिस्त असते. बिघाड दिसला की आधी तो कुठे आणि कधी होतो ते शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ऑफिसात रोज पाळतो ती शिस्त मी घराच्या बाबतीत विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, ‘चला, वर जाऊन बघू.’ पावसात दोघे गेलो. पावसाळी पाइपचं तोंड आमच्याच कुंड्यांतल्या मातीने आणि पानांनी बुजलं होतं. गच्चीवर चार बोटं पाणी साठलं होतं. तोंड मोकळं केल्यावर पाणी उतरलं, गळती कमी झाली, पण थांबली नाही.

पाऊस संपल्यावर त्या भागातल्या सगळ्या कुंड्या हलवल्या, पाइप बंद करून दोन इंच पाणी साठवलं आणि वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पाइपच्या सांध्याखाली छत ओलं झालं. म्हणजे कोब्यातली भेग खरी होती आणि तिच्यावर पाणी तुंबवणारे आम्ही, हेही खरं होतं. मी सभेत माफी मागितली. सांध्याचं वॉटरप्रूफिंग सोसायटीने केलं, स्टँड आणि जाळीचा खर्च आम्ही केला. हलवाहलवीत अम्मीची जुनी मेंदी मात्र गेली.

त्यातून शिकलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली, वजन. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की पंचवीस-तीस किलोंची होते. साठ कुंड्या म्हणजे दीड टनाच्या घरात. म्हणून माती, कोकोपीट आणि कंपोस्ट समसमान घ्या. कुंड्या स्लॅबच्या मध्यावर न ठेवता कडेने, तुळईच्या रेषेत ठेवा. मोठे ड्रम ठेवायचे असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. आणि गच्ची सामाईक असते, तेव्हा सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

दुसरी, निचरा. कुंडी थेट फरशीवर नको. स्टँडवर किंवा विटांवर ठेवली की खालून झाडता येतं, ओल दिसते. पाइपच्या तोंडाला जाळी लावा आणि पावसाळ्यात ती दर आठवड्याला साफ करा. त्याच दिवशी कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

तिसरी, पाणी देणं. पानं मलूल दिसली की आपण पाणी ओततो. आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. आत ओल असूनही झाड मलूल असेल, तर मुळं कुजत असू शकतात आणि आणखी पाणी दिलं तर झाड मरू शकतं. ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांना पाण्याची किंमत सांगायला नको. आमच्या घरी वजूचं पाणी टबात धरतो. त्यात साबण नसतो, त्यामुळे ते सरळ झाडांना जातं. तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणीही चालतं.

चौथी, ऊन. ‘मोगरा फुलत नाही’ ही तक्रार मी खूप ऐकली. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन हवं. पुण्यात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत तेव्हा थेट ऊन येतच नाही. तिथे मनीप्लँट, स्नेक प्लँट लावा आणि मोगरा वर न्या. खताने उन्हाची भरपाई होत नाही.

पाचवी, कीड. कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. सोबत मुंग्या आहेत का बघा. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला राखतात, म्हणून त्यांची वाटही बंद करावी लागते. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण ढवळा, आधी एकाच फांदीवर फवारून बघा, मग दर आठवड्याला संध्याकाळी फवारा.

सहावी, कंपोस्टचा वास. वास येतो याचा अर्थ ओलं जास्त आणि हवा कमी. एक भांडं ओल्या कचऱ्यावर दोन भांडी सुका पालापाचोळा टाका, आठवड्यातून दोनदा ढवळा. जी पानं पाइप बुजवत होती, तीच आता आमच्या ड्रममध्ये जातात.

आणि वही ठेवा. श्री. अ. दाभोलकर, म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे बंधू, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावा, नोंद ठेवावी, दुसऱ्याला सांगावं, हा त्याचा गाभा. ते एका कुंडीलाही लागू आहे. ऐकीव उपायापेक्षा स्वतःची महिनाभराची नोंद जास्त कामाची.

अम्मीच्या कुंड्या आता चाळीस आहेत. काका सकाळी जाळी बघून येतात, लिंबं त्यांच्याकडेही जातात. गच्चीवर झाडं नकोत, असं म्हणणारे दोन सभासद अजून आहेत. त्यांचं म्हणणंही सभेत ऐकून घेतो, कारण छत त्यांचंही आहे.

जूनला अवकाश आहे. या रविवारी आपल्या गच्चीच्या पाइपचं तोंड बघून या. एकटे जाऊ नका, ज्यांच्या डोक्यावर ती गच्ची आहे त्यांना सोबत न्या.