बेटावरचं गांडूळ आणि आपलं वावर



गांडूळ विकत घ्या, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. वावरात आधीचं कोणतं गांडूळ आहे, हे कोणी विचारत नाही. ज्यांनी विचारलं त्यांची हकीकत आज सांगायची आहे.

कॅरिबियन समुद्रात पोर्टो रिको नावाचं बेट आहे. वर्धा जिल्ह्याहून मोठं, यवतमाळहून लहान. ऊस, कॉफी, तंबाखूसाठी तिथलं जंगल इतकं तोडलं, की १९४० च्या दशकात ते दहा टक्केही उरलं नव्हतं. पुढे शेती परवडेना (हे कळायला आपल्याला बेटावर जायला नको!), माणसं कारखान्यांकडे गेली आणि पडीक जमिनींवर पुन्हा जंगल वाढलं.

अभ्यासकांनी तिथली गांडुळं मोजली. उष्ण प्रदेशांत या मोजणीची रीत साधी आहे. २५ सेंटिमीटर लांब-रुंद, ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, माती हातानं फोडायची, एकेक गांडूळ वेचायचं. जात ओळखायला तेवढा जाणकार लागतो.

गुरं चरायच्या कुरणांत गांडुळं भरपूर निघाली, पण जवळपास सगळी एकाच जातीची. पोंटोस्कोलेक्स हे तिचं नाव. मूळ दक्षिण अमेरिकेतली, रोपांच्या मुळांच्या मातीतून देशोदेशी गेलेली. केरळातल्या रबराच्या मळ्यांतही तीच आहे. तिला जोडीदार लागत नाही, एकटं गांडूळ वंश वाढवतं. जुन्या वाढलेल्या जंगलात मात्र एकूण गांडुळं कमी, पण बेटाच्या स्वतःच्या जाती परत दिसल्या. ही नोंद २००३ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे नुसता आकडा पाहून जमिनीची प्रकृती कळत नाही.

आपल्याकडे खतासाठी विकतात त्यांतलं आयसेनिया युरोपचं, युड्रिलस आफ्रिकेचं. ती शेणात, पाचोळ्यात राहणारी. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत ती टिकणार नाहीत. गांडूळखताला आमचा विरोध नाही. पण वावरात सोडायला गांडुळं घ्या म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

त्याआधी पावसाळ्यात दोन खड्डे घ्या. एक धुऱ्यावर बाभळीखाली, एक पऱ्हाटीच्या तासात. आम्ही घेतले तेव्हा धुऱ्यावर गांडुळं सापडली, वावरात एकही नाही. वखरामुळे की फवाऱ्यामुळे, हे एका खड्ड्यानं ठरत नाही. दहा गावांचे खड्डे झाले तर बोलता येईल.

पुढच्या बैठकीला लिहून आणा: गाव, तारीख, पाऊस पडून किती दिवस झाले, धुऱ्यावर किती, वावरात किती. गांडुळं मात्र आणू नका. मोजून झाली की तिथंच सोडा.