भाजीचा कस कुठे जातो?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



क्विंटलभर कापसातून रुई किती, सरकी किती, हा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. भाजीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. वावरातला कस ताटात किती पोचतो आणि वाटेत किती गळतो, ते आज पाहू.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे त्याचे एक मोठे कारण. दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई या हिशेबाबाहेर नाही.

भाजीतला माल तीन तऱ्हेचा. पहिला लोह आणि चुना. हे आचेने जळत नाहीत, पण उकडलेले पाणी फेकले की थोडे त्यासोबत जातात. दुसरे क जीवनसत्त्व. ते पाण्यात विरघळते, हवेने आणि आचेने नासते. तिसरे कॅरोटीन. त्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. कॅरोटीन पाण्यात जात नाही, पण कडक उन्हात उडते.

म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा, आणि चिरली की लगेच चुलीवर चढवा. पाणी थोडे, वर झाकण. हिरवी दिसावी म्हणून खाण्याचा सोडा टाकू नका. त्याने क आणि ब-१ जीवनसत्त्व नासते. अंबाडी आंबट लागते म्हणून पाणी पिळून टाकण्यापेक्षा पाला कमी घ्या, ज्वारीच्या कण्या जास्त घाला.

आता वाळवणाचे. हिवाळ्यात मेथीला भाव नसतो, उन्हाळ्यात भाजी दिसत नाही. तेव्हा वाळवणे शहाणपणाचेच. पण आपण पाला पत्र्यावर उन्हात पसरतो, तो पिवळा पडतो. तसे न करता पाला मिनिटभर वाफेवर धरा आणि वाऱ्याच्या सावलीत, पातळ कापडाखाली वाळवा. पाल्यात शंभरातले ८५-९० भाग पाणीच असते. ते उडते, लोह आणि चुना राहतात. क जीवनसत्त्व बहुतेक जाते, पण सावलीमुळे कॅरोटीन बरेच वाचते. रंगही टिकतो, आणि विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक आधी रंगच पाहते. डबा घट्ट झाकणाचा, अंधारात ठेवलेला असावा.

गेलेले क जीवनसत्त्व ताटात परत आणता येते. वाळलेल्या भाजीवर लिंबू पिळा. भाजीतले आणि भाकरीतलेही लोह अंगी लागायला त्याची मदत होते. फोडणीला चमचाभर तेल हवेच, त्याशिवाय कॅरोटीन नीट पचत नाही. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली तर कढईचे थोडे लोह भाजीत उतरते.

यातल्या एकाही गोष्टीला कर्ज काढावे लागत नाही. आणि एक सांगतो, भावांनो. हे काम बायकांचे म्हणून कानाआड करू नका. ताटात शेवटी उरलेली भाजी बाईच्या वाट्याला येते. कस वाचवाल, तर आधी तिच्या ताटात वाढा.