माडीच्या तक्तपोशीतील फटी



ज्यांच्या घराला जुनी माडी आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. वर कोणी चालले की खाली ताटात माती पडते. चैत्र-वैशाखात फळ्यांमधून खालच्या खोलीतला उजेड दिसतो. आणि मग एखाद्या सुट्टीत घरातले कर्ते मंडळ ठरवते, की यंदा तक्तपोशी घासून घ्यायची आणि फटी बुजवून टाकायच्या. बेत चांगला आहे. फक्त बुजवायचे कशाने, कधी आणि कोणत्या फटी मुळीच बुजवायच्या नाहीत, हे आधी ठरले पाहिजे.

लाकूड तोडून शंभर वर्षे झाली तरी ते हवेतली ओल घेते आणि सोडते. लांबीत त्याचा फरक पडत नाही म्हटले तरी चालेल. फरक पडतो तो रुंदीत. सागवान हे त्यातल्या त्यात शांत लाकूड. तरीसुद्धा आठ इंच रुंदीची सागवानी फळी वैशाखातल्या कोरड्या हवेत आणि श्रावणातल्या दमट हवेत मोजली, तर अर्ध्या सुताच्या आसपास फरक सापडू शकतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर. आंबा, फणस, किंजळ यांच्या फळ्या असतील तर सागवानाचे माप त्यांना लावू नका. त्या अधिकही हलतील.

आता हिशेब करा. फट आहे एक सूत. ती तुम्ही भुसा आणि सरस कालवून गच्च भरलीत. पुढच्या उन्हाळ्यात तीच फट दीड सूत व्हायला बघते. म्हणजे तुमच्या लगद्याने आपल्या रुंदीच्या निम्म्याने ताणले जायला हवे. सुकलेला भुसा काय ताणणार! तो एका कडेने सुटतो आणि पायाखाली तुकडे होऊन निघतो. लांबीचेही तेच. खडूची भुकटी आणि अळशीचे तेल मळून केलेली लांबी खिडकीच्या काचेला ठीक, पण चालत्या जमिनीत ती कडक होऊन फुटते. भुसा-सरस वाईट आहे असे नव्हे. खिळ्यांची भोके, गाठींच्या चिरा, फळीच्या टोकाला गेलेली बारीक भेग, यांना तो उत्तम. त्यासाठी त्याच तक्तपोशीच्या घासणीतला बारीक भुसा जपून ठेवावा. सरस मात्र बेताचा घाला. जास्त झाला तर त्या जागी तेल मुरत नाही आणि डाग वेगळा दिसतो.

लांब फटींना उपाय एकच, लाकडाची चीप. जुन्या घरात त्याच जातीची मोडकी फळी बहुधा माळ्यावर सापडतेच. तिच्यातून फटीच्या मापाच्या, खाली किंचित निमुळत्या पट्ट्या कापून घ्याव्यात. फटीतली वर्षानुवर्षांची माती आधी जुन्या करवतीच्या पात्याने खरवडून काढावी, कारण सरस मातीला धरतो, लाकडाला धरत नाही. सागवान तर मुळातच तेलकट. त्याची कड ताजी खरवडलेली हवी. मग सरस लावायचा तो चिपेच्या एकाच बाजूला. हे ध्यानात ठेवा, कारण घाईत सुतारही दोन्ही बाजूंना लावून मोकळा होतो. एक बाजू सुटी राहिली, की दुसरी फळी पावसाळ्यात फुगायला आणि उन्हाळ्यात आकसायला मोकळी राहते. चीप मोगरीने हलकेच बसवावी, पाचरीसारखी ठोकू नये. वर राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी रंध्याने उतरवावा.

अर्ध्या सुताहून बारीक फट असेल तर तिला हात लावू नये, असे माझे मत आहे. पाऊस ती स्वतःच बुजवतो.

हे काम करावे कार्तिक-मार्गशीर्षात. भर वैशाखात फटी सगळ्यात रुंद असतात. त्या मापाची चीप घट्ट बसवली तर आषाढात फळ्यांना जागा उरत नाही आणि त्या मधोमध उचलतात. श्रावणात लाकूड ओले, सरस नीट सुकत नाही. दिवाळीनंतरची हवा मधली.

भिंतीलगतची फट मात्र कोणत्याच महिन्यात भरू नका. जुन्या सुताराने ती विसरून ठेवलेली नाही, साऱ्या तक्तपोशीला फुगायला ठेवलेली जागा आहे ती. आणि एखादी फट यंदाच एकाएकी रुंदावली असेल, किंवा तिथली फळी पायाखाली दबत असेल, तर खालून दिवा धरून कडी पाहा. भिंतीत शिरलेल्या टोकाला टोच्या मारा. तो सहज आत गेला, तर वाळवीने किंवा कुजीने कडी पोखरली आहे. अशी फट बुजवणे म्हणजे धोका झाकणे. खाली मुले निजत असतात.

घासणीबद्दल थोडके सांगतो. आधी सगळे खिळे सुंब्याने फळीच्या आत बसवा, नाहीतर काचकागद फाटेल आणि भाड्याचे यंत्र असेल तर त्याचेही नुकसान व्हायचे. नाकातोंडावर फडके हवेच. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवले आहे. फळ्यांना जुना तेलरंग असेल तर कोरडे घासूच नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कायद्याने कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी; त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. ओल्या फडक्याने भिजवून खरवडा, मुलांना त्या दिवशी दुसरीकडे ठेवा.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. शाळेत एखादी जुनी रुंद फळी असेल, तर तिच्या दोन कडांना पेन्सिलीच्या खुणा करून मुलांकडून दर महिन्याच्या पहिल्या दिवशी रुंदी मोजून घ्या आणि वहीत मांडा. लांबीही मोजा. लाकडाच्या धाग्यांचा धडा त्या वहीतूनच शिकवता येईल.

शेवटी तेलाचा हात. अळशीचे तेल फडक्याने पातळ लावावे, मुरू द्यावे, वर राहिलेले पुसून घ्यावे. ते तेलकट फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचे तेल सुकताना तापते, आणि बोळ्यातली उष्णता बाहेर न पडल्यामुळे फडके काडी न लावता पेट घेते. ते पाण्यात बुडवून ठेवा किंवा अंगणात एकेरी पसरून वाळवा. माडीवर पोती चढवण्याआधी बोट फिरवून बघा. चिकट लागले तर आणखी दोन दिवस थांबा.