वायपरची निवड



व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या मनात ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ हा विषय होता. मी म्हटले, त्यावर मी रोज बोलतो आणि ऐकणारेही रोजचेच असतात. एक दिवस मला वायपरवर बोलू द्या. त्यांना थट्टा वाटली. काल याच व्यासपीठावर विश्वाच्या उत्पत्तीविषयी आपण ऐकलेत, परवा संतवाङ्मयाविषयी ऐकाल, आणि मधल्या दिवशी हा गृहस्थ काच पुसायच्या रबराविषयी बोलणार! पण चिटणीस मंडळी दिलदार. त्यांनी विषय छापला, आणि आपण आलात, याबद्दल मी दोघांचाही ऋणी आहे.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे थोडे करवीर नगर वाचन मंदिरात आणि बरेचसे ट्रकच्या केबिनमध्ये झाले. तेव्हा भाषेत काही उणे-अधिक निघाले तर पेठेतल्या माणसांनी सांभाळून घ्यावे.

आता मे महिना आहे. आपल्या बोळाबोळांतून चारचाकी गाड्या उन्हात उभ्या आहेत. बाजूला घ्यायलाही जागा नाही. मृगाला अजून अवकाश आहे. ऑक्टोबरपासून या गाड्यांचे वायपर कुणी हलवलेले नाहीत. जूनमध्ये पहिली सर येईल, आपण बटण दाबू, आणि काचेवर शेणाने सारवल्यासारखे पट्टे उठतील. मग आपण धावत दुकानात जाऊ आणि दुकानदार देईल ते घेऊन येऊ. हे धावत जाणेच चुकीचे, आणि तेवढ्यासाठीच मी आज उभा आहे.

ही वस्तू सुचली कुणाला, हे वाचून मला मोठे नवल वाटले होते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली मेरी अँडरसन नावाची एक बाई न्यूयॉर्कला गेली असता ट्राममध्ये बसली होती. बाहेर बर्फ पडत होते आणि ट्रामचालकाला समोरचे दिसत नव्हते. सगळे उतारू आपापल्या कोटात मान घालून बसले असतील. या बाईचे लक्ष चालकाकडे गेले. घरी परतून तिने आतून हाताने फिरवायची, बाहेर रबर लावलेली दांडी तयार करविली. १९०३ साली तिला पेटंट मिळाले. पैसा मात्र मिळाला नाही. कॅनडातल्या एका कंपनीने या वस्तूला व्यापारी किंमत नाही असे तिला कळविले. पेटंटची मुदत संपली आणि पुढे मोटारी वायपरशिवाय निघेनाशा झाल्या. चालकाला दिसले पाहिजे, ही गोष्ट मागच्या बाकावरच्या उतारूला सुचावी, याचे मला फार कौतुक वाटते.

पुढे बरीच वर्षे कित्येक गाड्यांचे वायपर इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे आत निर्माण होणाऱ्या पोकळीवर चालत. त्यात गंमत अशी की चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ही ओढ कमी पडे आणि वायपर मंद होई, कधी थांबे. म्हणजे घाट चढताना, पाऊस तोंडावर असताना, नेमका वायपर संपावर! विजेची मोटर आली आणि तो प्रश्न मिटला. मोटर सुधारली, दांडी सुधारली. शेवटी काचेला टेकते ते रबर मात्र माणसालाच निवडावे लागते, आणि तेथे मी स्वतः चुकलो आहे.

ती हकीकत सांगतो. साल १९८८, महिना जुलै. मी सतरा वर्षांचा होतो, एका ट्रकवर क्लीनर. आमचा ट्रक किराणा माल भरून कणकवलीला निघायचा होता. ड्रायव्हर बाजूच्या वायपरचे रबर फाटले होते. उस्तादांनी मला पैसे दिले आणि नवे ब्लेड आणायला पाठविले. दुकानात त्या मापाचे नव्हते. दुकानदार म्हणाला, “दोन इंचानं काय हुतंय रं? लाव जा, चालतंय की!” आखूड ब्लेड स्वस्त होते. उरलेल्या पैशांची मी मिसळ खाल्ली. ब्लेड बसवले, उस्तादांनी घाईत पाहिले नाही, आणि दिवेलागणीला फुलेवाडी सोडून आम्ही कळे, साळवण करीत गगनबावड्याला पोचलो.

आपल्या जिल्ह्याचा पाऊस आपण जाणता. शिरोळला शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो, त्याच दिवशी गगनबावड्याला हातभर अंतरावरचे दिसत नाही. करूळ घाट उतरताना धुके आणि पाऊस दोन्ही होते. ब्लेड दोन इंच आखूड, म्हणून काचेच्या उजव्या कडेला वरच्या अंगाने एक कोयत्यासारखी पट्टी पुसलीच जात नव्हती. सपाट रस्त्यावर तिचे काही वाटत नाही. पण आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि उजवे वळण घेताना तो समोर बघत नाही, त्या उजव्या कडेतून बघतो. अशाच एका वळणावर डोक्यावर इरले घेतलेला एक माणूस रस्त्याच्या कडेने घाट चढत होता. तो त्या पट्टीमागे होता.

माणूस वाचला. पण पाय गेला तो गेलाच, पुढे तो लंगडतच चालला. उस्तादांनी त्याला उचलून केबिनमध्ये घेतले आणि खाली दवाखान्यात पोचवले. पोलीस आले, खटला झाला. उस्ताद एवढेच म्हणाले, “मला दिसला नाही.” वायपर कुणी आणला, हे त्यांनी ना कोर्टात सांगितले, ना मालकाला. मालकाने त्यांना काढून टाकले. मी रडत सगळे कबूल केले तेव्हा ते म्हणाले, “तू ल्हान हाईस. पर ती पट्टी ध्यानात ठेव.” उस्ताद आता हयात नाहीत. मी युनियनचे काम करू लागलो त्याला पुष्कळ कारणे आहेत. पैकी हे एक मी चारचौघांत आजवर सांगितले नव्हते.

तर माप. दुकानात जाताना जुनी दोन्ही ब्लेडे काढून बरोबर न्या. डावे आणि उजवे एकाच मापाचे असते असे समजू नका. पुष्कळ गाड्यांत ड्रायव्हरकडचे लांब असते. रबराची लांबी टोकापासून टोकापर्यंत टेपने मोजा. दुकानात मापे इंचांत चालतात. आणि जुने ब्लेड माझ्यासारख्याच कुणी शहाण्याने चुकीचे बसवलेले असू शकते, म्हणून गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात माप पाहून खात्री करा. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेले पडलेले असते.

आखूड नको, मग लांब लावावे काय? तेही नको. लांब ब्लेड एक तर शेजारच्या ब्लेडला अडकते नाही तर काचेच्या कडेच्या पट्टीवर आपटते. दुसरे असे की दांडीच्या स्प्रिंगचा दाब ठरलेला असतो. तोच दाब जास्त लांबीवर वाटला गेला की प्रत्येक इंचाला कमी येतो. आमच्याकडे ठरल्या पगारात दोन जादा माणसांचे काम उरकायला सांगतात, तसा हा प्रकार. शिवाय काच कडेला वाकलेली असते, तेथे लांब ब्लेडचे टोक अधांतरी राहते.

दांडीला ब्लेड कशाने अडकते तेही पाहा. बहुतेक गाड्यांत इंग्रजी यू अक्षरासारखा आकडा असतो, काहींत बाजूची पिन किंवा दाबायची खिट्टी. ‘युनिव्हर्सल’ म्हणून विकतात त्यात चार-पाच प्लास्टिकचे तुकडे येतात. त्यांतला योग्य तुकडा ‘टक’ आवाज करून बसला तर ठीक. सुतळीने बांधावे लागले तर परत करा.

प्रकार सांगायचे तर तीन. लोखंडी सांगाड्याचे जुने; सांगाडा नसलेले, एकाच लवचिक पट्टीचे सपाट; आणि वर प्लास्टिकचे कवच घातलेले मधले. ट्रकची, जुन्या जीपची काच उभी आणि सपाट, तेथे सांगाड्याचे उत्तम काम करते. नव्या मोटारींची काच तिरपी आणि वाकडी, वेगात वारा ब्लेडला उचलू पाहतो, तेथे सपाट प्रकार चांगला. पण त्याचा बाक आपल्या काचेच्या बाकाशी जुळला पाहिजे. दुकानात पैसे देण्यापूर्वी काचेवर टेकवून पाहा. मध्ये किंवा टोकाला उजेड दिसला तर तो आपल्या गाडीचा नव्हे. महाग म्हणून चांगला, असे यात काही नाही.

आता रबर, कारण बाकी सगळा लवाजमा त्या बारीक ओठासाठी आहे. हा ओठ काचेवर सरळ उभा राहत नाही, चालीच्या उलट दिशेला कलून ओढला जातो, आणि फेरी संपून उलटी सुरू झाली की दुसरीकडे कलतो. उन्हाने रबर कडक झाले की ते कलत नाही. मग ते काच पुसत नाही, ढकलते, आणि कुरकुर ऐकू येते. नैसर्गिक रबर मऊ, पण आपल्या उन्हात लवकर तडकते. कृत्रिम रबर ऊन जास्त सोसते. काहींवर ग्रॅफाइटचा काळा थर असतो, त्याने घर्षण कमी होते. बोटाला काळे लागले म्हणून तो पुसून काढू नका, आमचे एक सभासद काढत बसले होते! सिलिकॉनचे महाग, टिकाऊ, पण काच तेलकट असेल तर तेही थरथरते. घेताना ओठावरून नख हळूच फिरवा. खाच लागली, ओठ मुडपलेला निघाला, तर दुसरे मागा. खोका कितीही चकचकीत असो, नकली माल खोक्यात फार सुंदर दिसतो.

पूर्वी नुसते रबर बदलून मिळे. काही ब्लेडांचे अजूनही मिळते. सांगाडा ढिला झाला नसेल तर तेवढेच बदला, खर्च बराच वाचतो. दुकानदार हे आपणहून सांगणार नाही.

आणि प्रत्येक वेळी दोष ब्लेडचा नसतो. चौकशी न करता कामावरून काढणे ब्लेडच्या बाबतीतही बरे नव्हे. एकाच जागी बारीक रेघ उठत असेल तर ओठात खडा अडकलेला असेल, ओल्या फडक्याने पुसा. सगळीकडे धुरकट पडदा येत असेल तर काचेवर तेलाचा थर आहे. एका दिशेला नीट आणि परतताना धडधड होत असेल तर दांडी पिळली आहे, नवे ब्लेडही तेथे धडधडेल. आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे. गळीत हंगामात कारखान्यांची काजळी गाडीवर बसते. ती कोरडीच वायपरने पुसली की काचेला बारीक चरे पडतात आणि रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. आधी पाणी सोडा, मग वायपर. ट्रकवाले काचेवर तंबाखू चोळतात, बटाटा घासतात. मीही घासला आहे. तासभर थेंब ओघळून जातात, पण आखूड ब्लेड त्याने लांब होत नाही.

आमच्या युनियनने एका मालकापुढे मागण्या ठेवल्या तेव्हा शेवटचे कलम होते : मृगाआधी प्रत्येक गाडीला योग्य मापाचे वायपर मालकाच्या खर्चाने. मालक हसले, आणि पगारवाढ बाजूला ठेवून तेवढे कलम लगेच मान्य केले. पगारवाढीला पुढे पुष्कळ दिवस लागले. खरे तर ते कलम मागायची गरजच नव्हती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम १०१ अन्वये गाडीला यंत्रशक्तीवर चालणारा, कार्यक्षम वायपर असलाच पाहिजे. ‘कार्यक्षम’ हा शब्द आम्ही आमच्या ड्रायव्हरांना पाठ करविला आहे. वायपर बिघडला की वहीत तारीख घालून लिहायचे आणि मालकाची सही घ्यायची. सही मिळत नसेल तर घाटात गाडी न्यायची नाही. आपल्यापैकी ज्यांनी पगारी ड्रायव्हर ठेवला आहे, त्यांनी आज रात्री त्याला वायपरविषयी विचारावे. तो संकोचाने बोलत नसेल.

काढघाल तोंडाने सांगण्यात अर्थ नाही. एवढेच सांगतो, ब्लेड काढल्यावर उघडी दांडी काचेवर आपटली तर काच फुटते. म्हणून खाली चौपदरी फडके अंथरावे. मी तिन्ही प्रकारची ब्लेडे, एक टेप आणि ते फडके घेऊन आलो आहे. बाहेर दाराशी एका मित्राची गाडी उभी आहे. अध्यक्षांचे भाषण झाले की ज्यांना पाहायचे आहे त्यांनी तेथे यावे. मी दाखवतो, आणि मग एकेकाने स्वतः बसवून पाहावे.